सोफ्यावरच्या उशा

सोफा वडगावात आला टेम्पोतून,
दारातून जाईना.
एक कवाड उतरवून आडवा आत घेतला, तेव्हा
भावकाण्णा म्हणाला, "आता ह्यावर बसायचं कुणी?"
आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर बसला.

मंगला खानापूरच्या दवाखान्यात नर्स.
पगार साठवून तिनंच पाठवलेला.
फोनवर म्हणाली, आई, नुसता सोफा उघडा दिसतो,
वर उशा पाहिजेत. सहा.

पांगुळ गल्लीत विचारलं.
दुकानदारानं 'कुशन' म्हणत
एकाला साडेतीनशे सांगितले.
नीलव्वा त्याला दिंबू म्हणते, मी उशी.
कुशन झाली की महागते एवढं कळलं.

घरात काय कमी होतं?
कापडाच्या कडेच्या पट्ट्या, मागावर उरलेल्या,
नीलव्वाच्या ट्रंकेतले खण,
ज्यांच्या चोळ्या आता आम्हा दोघींनाही होत नाहीत,
आणि जांबोटीहून लुमाण्णामामानं आणलेला
शेवरीचा कापूस. गोणीभर,
आणि उचलली तर गोणीत कुणी नसल्यासारखी.
सरकी काढताना तो डाळीत पडला,
मांजराच्या मिशांना लागला,
तीन दिवस दोन्ही घरं शिंकत होती.

उशी उलटी शिवतात.
हे पहिली वाया गेल्यावर कळलं.
सुलटं आत ठेवायचं, चारी कडांना टीप मारायची,
चार बोटं जागा सोडायची,
आणि तेवढ्यातून सगळी उशी बाहेर ओढायची,
वासरू ओढतात तशी, सावकाश.
कोपरे निघेनात. मागाची जुनी कांडी घातली,
तेव्हा टोकं फुटली.
भरताना हात ऐकत नाही,
आणखी एक मूठ, आणखी एक.
"साकु बिडे," नीलव्वा म्हणाली,
"उशी करतीस का दगड?"

सहा झाल्या. मांडल्या.
आम्ही दोघी समोर जमिनीवर बसून
बघत राहिलो. चहा गार झाला.

मग एक गेली.
नीलव्वाच्या नवऱ्याची कंबर धरली होती,
खड्डामागाच्या फळीवर जन्म गेलेला माणूस.
आठ दिवसांसाठी म्हणून नेली.
ते आठ दिवस अजून चालू आहेत.

माझा भाचा सातेरी खानापूर गाडीवर ड्रायव्हर,
त्याच्या सीटची स्प्रिंग वर आलेली.
कसं सांगू आत्ती, म्हणाला, आणि सांगितलंच नाही,
नुसता उभा राहिला. जांभळ्या खणाची दिली.

वरच्या भाडेकरणीचं बाळ पालथं पडायला लागलं,
दोन तिकडे गेल्या, एक ह्या बाजूला, एक त्या.

पाचवी भावकाण्णानं उचलली, चोरून.
सकाळी विचारलं तर म्हणाला, मान अवघडली होती.
लग्नापासून हाताची उशी करून झोपणारा माणूस.
मी काही बोलले नाही,
अभ्रा मात्र बदलला, मऊ घातला.

राहिली ती दगडासारखी.
तिच्यावर मांजर.

शनिवारी मंगला आली.
पिशवी ठेवायच्या आधी म्हणाली,
"आई, ड्रायव्हरच्या खाली आपला खण होता.
भाकरीगत चपटा झालाय."
मग सोफ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, धुवायला टाकल्यात.
बाहेर पाऊस नव्हता, दोरीवर काही नव्हतं.
ती दोरीकडे बघत हसली,
मांजराला उचललं नाही.

रात्री सोफ्यावरच झोपली,
हात डोक्याखाली घेऊन,
अगदी बापासारखी, कोपर बाहेर काढून.

मी दिवा जवळ ओढला.
सुईत दोरा जाईना, तीनदा तोंडात ओला केला.
गोणीत अजून अर्धा कापूस आहे.